सर्टिफिकेट पटकथेतच ठरतं: सीमाभागातल्या सिनेमावाल्यांसाठी सेन्सॉरची वाट

एडिट लॉक झाला, मिक्सिंग झालं, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) हातात आली, आता सेन्सॉरला टाकू, असं आपण म्हणतो तोवर सिनेमाचा वर्ग, म्हणजे तो कोणत्या वयाच्यांसाठी आहे हे, बहुतेक ठरून गेलेलं असतं. ते ठरवलेलं असतं लिहिणाऱ्यानं, कॅमेरा कुठं ठेवायचा हे सांगणाऱ्यानं आणि थपडेचा आवाज किती मोठा ठेवायचा हे ठरवणाऱ्या साउंडवाल्यानं. सेन्सॉर मंडळाची समिती फक्त त्यावर शिक्का मारते. म्हणून सेन्सॉरची तयारी पहिल्या ड्राफ्टपासून करावी, हे मला या लेखात सांगायचं आहे.

हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलांसाठी मुद्दाम लिहितोय. आपल्याकडं नाटकाची परंपरा जुनी आहे. नाटकातली मंडळी आता कॅमेऱ्याकडं वळली आहेत, शॉर्टफिल्म करता करता पूर्ण लांबीच्या सिनेमापर्यंत पोचली आहेत. पण पुण्या-मुंबईच्या पोरांना सेटवर चहा पिताना जी माहिती सहज मिळते, ती इथं कुणी सांगत नाही. मग शेवटच्या महिन्यात धावाधाव होते, एजंट गाठला जातो, आणि मनाजोगं जमलेलं दृश्य घाईत कापलं जातं. मला त्या कापलेल्या दृश्यांचं वाईट वाटतं, कारण त्यातली बरीचशी वाचवता आली असती.

वर्ग कोणते, आणि त्यांचा खरा अर्थ काय

मूळ कायदा १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. १९८३ पर्यंत ‘यू’ आणि ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते. १ जून १९८३ पासून ‘यूए’ आणि ‘एस’ आले, आणि मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन तिथं ‘प्रमाणन’ आलं. बोलताना आपण अजून सेन्सॉरच म्हणतो, मीही म्हणतो.

यू म्हणजे सगळ्यांसाठी. ए म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच. एस हा डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा विशिष्ट गटांसाठीचा वर्ग आहे, आपला त्याच्याशी सहसा संबंध येत नाही. मोठा बदल झाला तो यूएमध्ये. पूर्वी यूए म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली, एवढंच होतं. सात वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांची मुलगी यांच्यात फरक करायला जागाच नव्हती. २०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे तीन भाग केले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्यानुसार मार्च २०२४ मध्ये नवे नियम आले आणि १९८३ चे नियम मागं पडले.

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. यूए १३+ चा बोर्ड बघून थिएटरवाला दहा वर्षांच्या मुलाला दारातून परत पाठवत नाही. हा आकडा आईबापांसाठी आहे. मुलाला न्यायचं की नाही, नेलं तर काय समजावून सांगायचं, हे त्यांनी ठरवावं. दारात अडवायचा वर्ग फक्त ए. निर्मात्याशी बोलताना हा फरक आधी समजावून सांगा, कारण बरेच निर्माते १६+ ऐकलं की ए मिळाल्यासारखे हवालदिल होतात.

दुसरी गोष्ट आपल्या भागापुरती. सिनेमाचं प्रमाणन हा केंद्राचा विषय आहे, थिएटरचा परवाना राज्याचा. म्हणून एकदा मिळालेलं प्रमाणपत्र कोल्हापुरात चालतं तसंच बेळगावातही चालतं. कर्नाटकात दाखवायचं म्हणून वेगळं सेन्सॉर करावं लागत नाही. मात्र थिएटरला १९६४ चा कर्नाटकाचा सिनेमा नियमन कायदा लागू असतो. म्हणून गावच्या मैदानात किंवा मंगल कार्यालयात तिकीट लावून खेळ करायचा झाला, तर सेन्सॉरच्या कागदाखेरीज इथल्या प्रशासनाची परवानगीही हवी. २०२३ च्या दुरुस्तीचा आणखी एक फायदा असा की प्रमाणपत्राला आता दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही, ते कायमचं असतं.

कुठं दाखवणार, ते आधी कागदावर लिहा

पटकथेला हात घालण्याआधी निर्मात्याला समोर बसवून हा एकच प्रश्न विचारा: सिनेमा कुठं दाखवायचा आहे?

थिएटरमध्ये असेल तर सेन्सॉर लागणारच. टीव्हीला विकायचा असेल तर यू किंवा यूए हवा. ए मिळालेला सिनेमा टीव्हीवर न्यायचा तर त्यात योग्य ते बदल करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तशी सोय २०२३ च्या दुरुस्तीत केली आहे. ओटीटीला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. तिथं फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनी स्वतःच यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्ग देते. यूट्यूबवर टाकायच्या शॉर्टफिल्मलाही मंडळाकडं जावं लागत नाही. महोत्सवांसाठी केंद्र सरकारकडून सूट घेता येते, ते काम आयोजक करतात. पण गणेशोत्सवात मंडपात पडदा लावून गावाला सिनेमा दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शनच आहे. ‘आपलाच सिनेमा, आपलंच गाव’ हे कारण कायद्यात बसत नाही.

आपल्या भागात आणखी एक हिशोब असतो. इथं मराठी सिनेमाला शो थोडे मिळतात. जे मिळतात त्यांना घरची माणसं एकत्र येतात: आजी, सून, शाळेतली दोन पोरं, शेजारची वहिनी. ए असेल तर त्यातला अर्धा गट घरीच बसतो, आणि तो बसला की उरलेला अर्धाही येत नाही. म्हणून इथल्या निर्मात्यानं ए टाळायचा प्रयत्न केला तर मी त्याला दोष देत नाही. पण सिनेमाचा विषयच प्रौढांचा असेल, तर वर्गासाठी त्याचा कणा मोडू नका. ए हा बट्टा नव्हे. मोठ्या माणसांशी मोठ्या माणसांसारखं बोललेला सिनेमा, एवढाच त्याचा अर्थ.

पटकथा घेऊन बसा

समिती काय बघते? कायद्याच्या कलम ५ ब मध्ये देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान आणि गुन्ह्याला चिथावणी हे मुद्दे दिले आहेत. त्यावरून ६ डिसेंबर १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं निघाली: हिंसेचा गौरव नको, गुन्हा कसा करायचा याचे धडे नकोत, स्त्रीला हीन लेखणारं चित्रण नको, लैंगिक हिंसा टाळावी, आणि विषयाला आवश्यकच असेल तर कमीत कमी दाखवावी, प्राण्यांना क्रूर वागणूक नको, दुहेरी अर्थाचे अश्लील संवाद नकोत, कुठल्या जमातीची किंवा धर्माची हेटाळणी नको.

पण त्याच तत्त्वांत एक फार मोलाची गोष्ट आहे, आणि ती आपले लोक विसरतात. सिनेमा सुटा सुटा बघायचा नाही, त्याचा एकूण परिणाम बघायचा, आणि ज्या काळाची, ज्या लोकांची गोष्ट आहे त्यांच्या संदर्भात बघायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. १९७० साली दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पूर्वप्रमाणनाची, म्हणजे दाखवण्याआधी प्रमाणपत्र घेण्याची, पद्धत वैध ठरवली, पण विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे याला महत्त्व दिलं. १९९६ साली ‘बँडिट क्वीन’च्या निकालात न्यायालयानं हेच अधिक ठळकपणे सांगितलं: त्यातलं नग्नतेचं दृश्य कामुकता चाळवण्यासाठी नसून अत्याचाराची घृणा वाटावी यासाठी आहे, म्हणून ते राहू शकतं. त्या सिनेमाला ए होता. म्हणजे दृश्य राहिलं आणि वर्गही योग्य मिळाला.

कामाची पद्धत सांगतो. पटकथेची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक दृश्याच्या समासात आठ गोष्टींपैकी काय आहे ते लिहा: हिंसा, लैंगिकता, नग्नता, शिव्या, नशा, भीती, भेदभाव, आणि मुलं घरी जाऊन करून बघतील अशी कृती. ओटीटीच्या नियमांत जवळपास हीच यादी आहे, त्यामुळं एकदा केलेलं काम दोन्हीकडं उपयोगी पडतं. शेवटची बाब सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. विहिरीत उडी मारणारा दहा वर्षांचा मुलगा, फास घेण्याची पद्धत, कीटकनाशकाची बाटली, धावत्या ट्रॅक्टरच्या हुकावर उभी राहिलेली पोरं. आपल्याला ते गावाचं साधं चित्रण वाटतं, समितीच्या डोळ्यांत ते आधी भरतं. आणि मला वाटतं, तिथं समितीचं बरोबर असतं.

आता एक दृश्य घेऊन सविस्तर बघू. खानापूर तालुक्यातलं घर, पावसाळ्यातली संध्याकाळ. नवरा पिऊन आलाय. बायकोनं भिशीचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवलेत. आठ वर्षांची मुलगी चुलीपाशी बसून धाकट्याला भात भरवतेय. नवरा विचारतो, “पैसं कुठं ठेवलीस सांग!” आणि तिला मारतो.

हे दृश्य लहान मुलांसोबत बघता यावं असं हवं असेल, तर कॅमेरा मुलीसोबत ठेवा. बाहेर चपलांचा आवाज येतो, तशी ती धाकट्याला कडेवर घेऊन मागच्या दारानं शेजारी जाते. शेजारीण काही विचारत नाही, नुसतं पाट सरकवते. भिंतीपलीकडं डबा आपटल्याचा आवाज होतो, मग शांतता. सकाळी आई भाकरी थापतेय आणि पदर गालावर ओढून घेतेय. मारहाण एका फ्रेममध्येही दिसत नाही. विषयामुळं यू न मिळता यूए ७+ मिळू शकतो, आणि तो योग्यच होईल.

यूए १३+ च्या अंगानं करायचं तर हात उगारलेला दिसतो, एक थप्पड लांबच्या शॉटमध्ये दिसते, लगेच मुलीचा चेहरा. रक्त नाही. शिवी अर्धवट ऐकू येते, पावसात विरते.

यूए १६+ कडं सरकतं ते लांबी वाढली की. एकाऐवजी चार-पाच वेळा मारणं, केस धरून ओढणं, कपाळावर रक्त, “जिता ठेवत नाही तुला” अशी धमकी, आणि कॅमेरा तिथून हलतच नाही. याच्यापुढं जाऊन हत्यार आलं, जखमा जवळून दाखवल्या, लैंगिक जबरदस्ती आली, की ए ची तयारी ठेवा.

विषय चारही वेळा तोच आहे. बदलतं ते अंतर, लांबी, रक्त आणि आवाज. यातल्या आवाजाला लोक सगळ्यात कमी मोजतात. थपडेच्या फोलीचा, म्हणजे स्टुडिओत वेगळा तयार करून लावलेला, आवाज वाढवला की तीच फ्रेम दुप्पट क्रूर होते. कट करण्याआधी साउंडवाल्याला तो ट्रॅक खाली आणायला सांगून बघा. अनेकदा चित्राला हात न लावता दृश्याची धार हवी तेवढी होते.

मी स्वतः या दृश्याला दुसरी, म्हणजे यूए १३+ ची, मांडणी निवडेन, जर सिनेमा मुलीचा असेल तर. सिनेमा आईचा असेल, घर सोडायच्या तिच्या निर्णयाचा असेल, तर प्रेक्षकाला ती मार किती सोसते हे कळायलाच हवं, आणि मग १६+ घेऊन मोकळं व्हावं. एकच करू नका: मारहाण ए ची आणि पोस्टर कौटुंबिक सिनेमाचं.

शूटिंगच्या दिवशी कडक आणि सौम्य अशा दोन्ही मांडण्या घेऊन ठेवा. लांबचा शॉट, मुलीचा क्लोजअप, रिकाम्या दाराचा शॉट. याला फार तर अर्धा तास जास्त लागतो. नंतर समितीनं एखादा भाग काढायला सांगितला तर तुमच्याकडं तिथं लावायला चित्र असतं. ते नसेल तर कापलेल्या जागी झटका बसतो, आणि प्रेक्षकाला तो कळतो.

निपाणी, विडी आणि वीस सेकंद

निपाणीवर सिनेमा करायचा आणि तंबाखू दाखवायची नाही, हे शक्यच नाही. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन असो की विड्या वळणाऱ्या बायकांची गोष्ट, पडद्यावर तंबाखू येणारच. म्हणून इथल्या दिग्दर्शकाला हे नियम तोंडपाठ हवेत.

२ ऑक्टोबर २०१२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तंबाखूचे पदार्थ किंवा त्यांचा वापर दाखवणाऱ्या सिनेमात सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचे आरोग्यविषयक संदेश लागतात. त्याशिवाय तंबाखूच्या दुष्परिणामांबद्दल किमान २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन, तेही दोनदा. आणि ते दृश्य चालू असेपर्यंत पडद्याच्या खालच्या भागात इशारा. ब्रँडचं नाव दिसता कामा नये, पाकिटाचा किंवा तंबाखूच्या पदार्थाचा क्लोजअप नको. आणि तंबाखू कथेला का आवश्यक आहे, याचं लेखी समर्थन द्यावं लागतं.

नियमात ‘वापर’ इतकंच नाही, ‘पदार्थ दिसणं’ही आहे, हे लक्षात घ्या. कुणी ओढत नसलं, नुसत्या विड्या वळत असल्या तरी इशारा आलाच. म्हणून तो टाळायच्या खटपटीत पडू नका, तो येणार हे धरूनच फ्रेम लावा. खालची पट्टी जिथं येईल तिथं महत्त्वाचं काही ठेवू नका. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते, कात्रीनं पान कापते, चिमूटभर जर्दा टाकते, दोरा गुंडाळते. हे सगळं फ्रेमच्या तळाशी घडतं, आणि नेमकी तिथंच पट्टी येते. कॅमेरा थोडा वर घ्या, सूप फ्रेमच्या मध्यावर येईल असा. तयार विड्यांच्या कट्ट्यावर जाण्याऐवजी बोटांवर जा, तिच्या खोकल्यावर जा, मोजून घेणाऱ्या माणसानं बाजूला टाकलेल्या विड्यांकडं बघणाऱ्या तिच्या डोळ्यांवर जा. तंबाखू त्या बाईचं काय करते हे दाखवणारा सिनेमा असेल, तर समर्थनाचं पत्र लिहायला तुम्हाला अडचण येणार नाही.

दारूचं प्रकरण सोपं आहे. पिणं मर्दानी किंवा मजेचं वाटेल असं दाखवू नका, आणि मद्यपानाच्या दृश्याला इशारा घाला.

शिव्या, दोन भाषा आणि सीमाप्रश्न

आपली माणसं एका वाक्यात मराठी-कानडी दोन्ही बोलतात, आणि शिव्याही दोन्हींतल्या देतात. मराठी सिनेमात कानडी शिवी घातली तर समितीला कळणार नाही, असं समजणारे मला भेटले आहेत. संवादांचा मजकूर आणि गाण्यांचे शब्द कागदावर द्यावे लागतात, सबटायटलही वाचली जातात, त्यामुळं कळतंच. आणि शिवी कोण कुणाला देतो, याला शिवीइतकंच वजन असतं. दोन मित्रांत आलेली शिवी वेगळी, जातीवरून दिलेली वेगळी, बाईला दिलेली वेगळी. जातीवरची शिवी तर निव्वळ प्रमाणपत्राच्या वर्गाचा प्रश्न राहत नाही, तिथं कायदाच आड येतो.

लोकेशनवर प्रत्येक जड शिवीला एक पर्यायी शब्द त्याच दमात रेकॉर्ड करून ठेवा. नंतर म्यूट केलं की ओठ हलतात आणि आवाज नसतो, ते फार वाईट दिसतं. पर्याय ओठांच्या हालचालीला जुळणारा निवडा.

सीमाप्रश्नावर सिनेमा करायचं इथल्या प्रत्येक तरुणाच्या मनात कधी ना कधी येतं. यावं. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, १९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन हा इतिहास आहे आणि त्यावर सिनेमा व्हायला कसलीही बंदी नाही. अडचण येते ती संवाद कानडी माणसावर घसरला की. धोरणाशी भांडणारा संवाद राहतो, एका भाषेच्या सगळ्या माणसांना हिणवणारा राहत नाही, आणि राहू नये असं मलाही वाटतं. गल्लीत आपल्या बाजूला राहणारी, आपल्याच दुकानात बसणारी कानडी माणसं सिनेमात माणसं म्हणून आली, तर सिनेमा खराही होतो आणि सुव्यवस्थेच्या मुद्द्यावर अडकतही नाही. हयात व्यक्तींची नावं वापरताना पुरावे हाताशी ठेवा, कारण अब्रुनुकसानीचा मुद्दा तिथं येतो. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा उल्लेख करता येतो, पण न्यायाधीशांवर हेत्वारोप करणारा संवाद लिहू नका. जुनं आंदोलन दाखवताना साल आणि गाव पडद्यावर द्या. काळाच्या संदर्भात बघा, असं तत्त्वांतच म्हटलेलं आहे, तर तो संदर्भ समितीला हातात द्या.

बैल आणि मुलं

शर्यतीचे बैल, बेंदराची मिरवणूक, घोडा, गोष्टीतलं कुत्रं: प्राण्याकडून काम करून घ्यायचं असेल तर शूटिंगच्या आधी भारतीय पशु कल्याण मंडळाकडून परवानगी आणि नंतर ना-हरकत पत्र लागतं. नंतर मिळवू म्हणून चालत नाही. रस्त्यानं सहज गेलेली म्हैस आणि गोष्टीत पळवलेला बैल यांत फरक आहे. शंका असेल तर पत्र पाठवूनच शूट करा.

मुलांबाबत नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणजे खानापुरात शूट असेल तर बेळगाव, आणि घाट उतरायच्या आधी चंदगडला दोन दिवस काढले तर त्यासाठी कोल्हापूर. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आणि मुलांचं शोषण होऊ नये याची काळजी घेतल्याचं निवेदन सिनेमात. हिंसेच्या दृश्यात मूल असेल, तर मूल आणि मारहाण वेगवेगळी शूट करा. वर खानापूरच्या दृश्यात मुलीचा चेहरा स्वतंत्र घ्यायला सांगितला, त्याचं हेही एक कारण आहे.

अर्ज ते शिक्का

अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर ऑनलाइन होतो. मंडळाचं मुख्यालय मुंबईत आणि प्रादेशिक कार्यालयं नऊ आहेत. त्यात मुंबई आहे, बंगळूरही आहे. मराठी सिनेमे बहुतेक मुंबईतून जातात. नोंदणी निर्मात्याच्या नावानं होते, म्हणून बॅनरची कागदपत्रं आधी नीट करून घ्या. शीर्षकाची नोंदणी आपल्याला सोयीची पडते ती कोल्हापुरात, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडं. सारांश, श्रेयनामावली, गाणी, संवाद, प्राण्यांचं पत्र, तंबाखूचं समर्थन हे सगळं एका फोल्डरमध्ये असू द्या. शुल्क लांबीप्रमाणे असतं. अर्जातच तुम्हाला कोणता वर्ग हवा ते सांगता येतं, आणि ते प्रामाणिकपणे सांगा. १६+ चा सिनेमा यू मागत गेला की समितीच्या मनात पहिल्या रीळापासून शंका येते.

तपासणी समितीत पूर्ण लांबीच्या सिनेमाला चार सदस्य आणि एक तपासणी अधिकारी असतो. मंडळात आणि सल्लागार समित्यांत किमान एक तृतीयांश, शक्यतो निम्म्या महिला असाव्यात असं नव्या नियमांत आहे. सिनेमा चालू असताना तुम्हाला आत बसता येत नाही. नंतर बोलावतात. त्या वेळी निर्मात्याबरोबर दिग्दर्शक हजर असलाच पाहिजे. एजंटला दृश्य का आहे ते सांगता येत नाही. समासात लिहिलेली ती पटकथा बरोबर न्या आणि शांतपणे बोला. ‘हे काढलं तर पुढं तिनं घर का सोडलं ते कळणार नाही’ हे वाक्य, ‘आमच्या अभिव्यक्तीवर घाला आहे’ या वाक्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. कट सांगितला तर विचारा: पूर्ण काढायचं की लांबी कमी करायची, की आवाज खाली आणला तर चालेल? आणि कट न करता वरचा वर्ग घेतला तर? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारा.

पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडं जाता येतं. तिथंही पटलं नाही तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ साली रद्द झालं. आता कलम ५ क खाली ३० दिवसांत उच्च न्यायालयात जावं लागतं. लहान निर्मात्याला हा रस्ता खर्चिक आहे, आणि न्यायाधिकरण जाण्यानं आपल्यासारख्यांचं नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे. एक गोष्ट मात्र आपल्याच राज्यातून मिळाली. मंडळानं प्रमाणपत्र दिल्यावरही केंद्र सरकारला त्यात हात घालायचा अधिकार कायद्यात होता. के. एम. शंकरप्पा यांनी त्याला आव्हान दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं १९९० साली तो अधिकार घटनाबाह्य ठरवला, सर्वोच्च न्यायालयानं २००० साली ते कायम केलं, आणि २०२३ च्या दुरुस्तीत ती तरतूद कायद्यातूनच गेली.

प्रमाणपत्र हातात आल्यावर सिनेमात मनानं काही घालायचं किंवा काढायचं नाही. नंतर एखादं गाणं छाटायचं ठरलं तरी ते मंडळाला कळवून नोंदवून घ्यावं लागतं. थिएटरमध्ये लावायच्या ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र. सिनेमा कानडीत डब करून हुबळी-धारवाडला न्यायचा असेल तर त्या आवृत्तीला वेगळं. पोस्टरवर आणि पेपरच्या जाहिरातीत वर्ग छापा, आणि यूए असेल तर पुढचा आकडाही ठळक छापा. बेळगावच्या गणपत गल्लीत पोस्टर बघणाऱ्या आईला पोराला न्यायचं की नाही ते तिथंच कळलं पाहिजे.